दत्तक देणे आहे

आमच्या गावच्या वाचनालयाला सव्वादोनशे सभासद आहेत आणि वार्षिक सभेची सूचना त्यांना अजून टपालाने जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर भागले असते, पण घटनेत ‘टपालाने’ असे लिहिलेले आहे. घटना बदलायची तर सभा बोलवावी लागते आणि तिची सूचना पुन्हा टपालानेच. पाकिटांवर चिकटवायचे पत्ते छापून देण्याचे काम गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. राहतो पुण्यात, नोकरी संगणकाची, तरी हे काम सोडवत नाही. लॅपटॉपवर एक जुनाट प्रोग्रॅम होता. त्याला पत्त्यांची यादी दिली, लेबलच्या कागदाचे माप सांगितले की दहा मिनिटांत काम हातावेगळे. त्याचे नाव मुद्दाम सांगत नाही. त्याचे जे झाले ते कित्येकांचे होते.

2025च्या ऑगस्टमध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीची तेरावी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ आली. नव्या लॅपटॉपवर ती चढवली, सवयीने तो प्रोग्रॅम मागवला, तर उत्तर मिळाले की या नावाचे पॅकेज सापडत नाही.

मग माग काढत बसलो. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजचा पत्रव्यवहार सगळ्यांना उघडा असतो. त्यात दिसले की ते सांभाळणाऱ्या गृहस्थांनी बरेच आधी लिहून ठेवले होते: मी आता हा प्रोग्रॅम वापरत नाही, वेळही होत नाही, कोणीतरी घ्या. कोणी घेतले नाही. पुढे नवा कंपायलर, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम करणारे साधन, आला आणि पॅकेज बांधले जाईना. तशी नोंद कोणीतरी केली, तिला उत्तर गेले नाही. काही आठवड्यांनी यंत्रणेने ते येऊ घातलेल्या आवृत्तीतून आपोआप वगळले. शेवटी एकाने, कोणाचीच हरकत दिसत नाही असे पाहून, भांडारातूनच काढून टाकायची विनंती केली. सगळे नियमाप्रमाणे, सभ्यपणे. दुरुस्तीला काय लागत होते हे मी त्या रात्री पाहिले: एक ओळ. सी भाषेतल्या एका फाइलच्या माथ्यावर एका हेडर फाइलचे नाव लिहायचे राहून गेले होते, कित्येक वर्षांपासून. जुना कंपायलर तिकडे कानाडोळा करायचा, नवा करीत नाही.

ती ओळ मला लिहिता आली असती. तो पत्रव्यवहार चालू होता त्या काळात मी तो प्रोग्रॅम दरवर्षी वापरत होतो. वेळ नव्हता असेही म्हणवत नाही. मला पत्ताच नव्हता. तुम्हालाही नसेल, म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांना पॅकेज म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा. मुक्त सॉफ्टवेअर जगभर हजारो लोक लिहितात. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, प्रत्येकाला लागणाऱ्या इतर लायब्ररी निराळ्या. ते सगळे जमवून, एकमेकांशी जुळवून, एका आज्ञेत तुमच्या यंत्रावर बसेल अशी पुडी बांधणे म्हणजे पॅकेज करणे, आणि ती पुडी वर्षानुवर्षे ताजी ठेवणारा तो मेंटेनर. मूळ लेखकाला या लोकांत ‘अपस्ट्रीम’ म्हणतात, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाचा. या शब्दामुळे मला नेहमी आपला पाटकरी आठवतो. बंधारा वर कोणीतरी बांधलेला असतो आणि पाणीही तिथेच अडलेले असते. पण कोणत्या वाफ्याला कधी सोडायचे, पाट कुठे फुटला, कुठे गाळ साचला, हे खांद्यावर फावडे टाकून फिरणाऱ्या पाटकऱ्याला ठाऊक. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकरी गावाने नेमलेला असे आणि त्याचा मोबदलाही ठरलेला असे. डेबियनमध्ये नेमणूक कोणी करत नाही आणि मोबदलाही नाही. ज्याला पाट फुटलेला दिसला त्याने फावडे उचलायचे, इतकाच रिवाज.

आणि शिवार केवढे पाहा. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने 16 ऑगस्ट 1993 रोजी डेबियनची घोषणा केली. स्वतःचे नाव आणि मैत्रीण डेब्रा हिचे नाव जोडून त्याने ‘डेबियन’ केले. ट्रिक्सीमध्ये 69,830 पॅकेजे आहेत. उबुंटू डेबियनवर उभी आहे, शाळकरी पोरांच्या हातातल्या रास्पबेरी पायची प्रणालीही तिच्यावरच. सी-डॅकने आपल्याकडे काढलेली ‘बॉस’ ही प्रणालीसुद्धा डेबियनच आहे, वरून भारतीय पेहराव. 2013मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचे कित्येक लॅपटॉप विंडोज सोडून डेबियनवर गेले. म्हणजे डेबियनचे नावही न ऐकलेला माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे ना कुठे तिच्याशी व्यवहार करत असतो.

आधीच्या आवृत्तीतली 8,840हून जास्त पॅकेजे ट्रिक्सीत नाहीत. घोषणेत त्यांना कालबाह्य म्हटले आहे आणि बहुतेक तशीच असतील. जुन्या लायब्ररीच्या जागी नवी आली, कुणाचा उपयोग संपला, ती गेली, उत्तम झाले. सगळेच वाचवावे असे मी म्हणत नाही. जुने म्हणून जपणारे लोक मला थोडे घाबरवतात, घरात वर्तमानपत्रांची रद्दी साठवणाऱ्यांसारखे. पण वापरात असलेली वस्तू केवळ ‘कोणी नाही’ म्हणून जाते, तेव्हा तिला कालबाह्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

लोक विचारतात, चालणारा प्रोग्रॅम बंद का पडतो? कोणी त्याला हात लावला का? नाही, म्हणूनच पडतो. आजूबाजूचे सगळे हलत असते. पायथन-2ला 1 जानेवारी 2020 रोजी अखेरचा नमस्कार झाला. त्यावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला पायथन-3वर आणणारा कोणी मिळाला नाही आणि जे मागे राहिले ते भांडारातून गेले. जीसीसी या कंपायलरच्या चौदाव्या आवृत्तीने, 2024मध्ये, ज्या ढिसाळपणाबद्दल आजवर नुसती कुरकुर केली जायची त्याला चूक ठरवले. माझा लेबलवाला तिथेच मेला. पंधराव्या आवृत्तीने सी भाषेचे नवे प्रमाण गृहीत धरायला सुरुवात केली आणि 1990च्या आधीच्या शैलीत लिहिलेला कोड अडखळू लागला. शिवाय 2038चा प्रश्न आहेच. जुन्या 32 बिटी यंत्रांचे घड्याळ 19 जानेवारी 2038 रोजी उलटणार, म्हणून डेबियनने 2024मध्ये शेकडो लायब्ररी नव्याने बांधल्या आणि त्यांच्या नावांच्या शेवटी ‘टी-64’ असे शेपूट लावले. या प्रत्येक वेळी प्रत्येक पॅकेजपाशी एका माणसाने येऊन पाहायचे असते की आपले ठीक आहे ना. पाहणारा असेल तर दहा मिनिटांचे काम. नसेल तर ते पॅकेज पुढच्या आवृत्तीत नसते.

ज्यांच्यापाशी असा माणूस नाही त्यांची डेबियनमध्ये एक यादी आहे. यादीतल्या नोंदीच्या सुरुवातीला खुणेची अक्षरे असतात. ‘ओ’ म्हणजे ऑर्फन, अनाथ. ‘आरएफए’ म्हणजे सांभाळणारा अजून आहे, पण दत्तक घेणारा मिळाला तर त्याला हवा आहे. ‘आरएफएच’ म्हणजे मला मदत हवी. मी हे शब्द माझ्या पदरचे घालत नाही, ते त्यांच्याच कागदोपत्री आहेत आणि त्यांत भावनेचा लवलेश नाही. अनाथ पॅकेजच्या मेंटेनरच्या रकान्यात गुणवत्ता गटाचे नाव लावतात. शाळेत ज्याचे कोणी येत नाही त्याच्या प्रगतिपुस्तकावर मुख्याध्यापक सही करतात, तसे.

अनाथ असण्यापेक्षा वाईट स्थिती एक आहे: एकटा, थकलेला पालक, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारे साधन जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. ते लासे कॉलिन या फिनलंडच्या गृहस्थाने जवळजवळ एकट्याने वर्षानुवर्षे सांभाळले. 2022मध्ये त्याने उघडपणे लिहिले होते की तब्येत साथ देत नाही, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे लोकांनी ध्यानात घ्यावे. त्याच सुमारास काही अनोळखी नावे त्याच्यामागे लागली होती, काम हळू चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. दुसरा तयारच होता. जिया टॅन या नावाने कोणीतरी 2021पासून विनम्रपणे पॅच पाठवत होता, बग सोडवत होता, विश्वास कमवत होता. चावी त्याच्या हाती आली आणि 2024च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत एक मागचे दार बसवले गेले. दूरच्या सर्व्हरवर शिरता येईल असे, आणि ते जागे करणारा तुकडा मूळ कोडमध्ये न दिसता फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात दडवलेला.

ते सापडले कसे, हे मला प्रत्येक नव्या माणसाला सांगावेसे वाटते. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड आपल्या डेबियनच्या ‘अनस्टेबल’ यंत्रावर कसली तरी मोजदाद करत होते. त्यांना दिसले की लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसरा कोणी असता तर चहाचा घोट घेऊन पुढे गेला असता. ते गेले नाहीत. धागा ओढत ओढत 29 मार्च 2024 रोजी त्यांनी सगळे जगापुढे मांडले. तोवर ते दार डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत पोचले होते, लोकांच्या रोजच्या वापरातल्या स्टेबलमध्ये मात्र शिरले नव्हते. डेबियनची ही पायऱ्यांची रचना, आधी अनस्टेबल, मग टेस्टिंग, मग स्टेबल, कामी आली. आणि एक माणूस कामी आला.

या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले, बहुतेक सुरक्षेच्या अंगाने. मला त्यात दुसरेच खुपते. लासे कॉलिनच्या दारात मदतीला दोन वर्षे कोण आले? चोर आला. भले लोक फुकटची फाइल उघडून कामाला लागले. मीही त्यांतलाच. पडक्या वाड्याची राखण करायला कोणीच येत नसेल, तर जो येईल त्याला म्हातारा किल्ली देणारच.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धवट सांगून फशी पाडतो असे होईल. मेंटेनर चुकतो, आणि भारी चुकतो. 2006मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या सांकेतिक संवादाच्या पॅकेजमधल्या दोन ओळी बंद करण्यात आल्या, कारण तपासणीचे एक साधन त्यांच्याबद्दल तक्रार करत होते. वरच्या अंगाच्या लोकांना त्याबद्दल विचारलेही होते, पण प्रश्न-उत्तराची गाठ नीट पडली नाही. त्यांतल्या एका ओळीतून गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी लागणारा सगळा यादृच्छिकपणा येत होता. उरला फक्त प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे जेमतेम 32,000 शक्यता. ज्या किल्ल्या कोणालाही ओळखता येऊ नयेत त्या कोणीही एका संध्याकाळी मोजून काढाव्यात अशा झाल्या. हे 13 मे 2008 रोजी उघड झाले, जवळजवळ दोन वर्षांनी, आणि जगभरच्या लोकांना किल्ल्या बदलत बसावे लागले. चूक करणारा आळशी नव्हता. उलट तक्रार मिटवायला निघालेला होता. म्हणून नव्या माणसाला माझे सांगणे असते: जे कळत नाही ते बदलू नका, आणि जे बदललेत ते वरच्या अंगाला पाठवून त्यांच्याकडून मान्य करून घ्या. मेंटेनरचे काम हुशारी दाखवण्याचे नाही. आणि कोड जिथे किल्ल्यांचा, पैशांचा, पासवर्डचा असेल तिथे पहिले पॅकेज म्हणून मुळीच जाऊ नका. लेबले छापणारे घ्या. चुकलात तर सव्वादोनशे पाकिटे तिरकी चिकटतील.

हे सगळे इंग्रजी जगाचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणत असेल तर त्याने ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन शब्द पडद्यावर टंकून पाहावेत. पहिल्यांना स्वयंपाकाचे पैसे द्यायचे असतात, दुसऱ्यांना नमस्कार करायचा असतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत डोंगर आणि समुद्र यांचे अंतर. मराठीतला हा अर्धा ‘ऱ’ दाखवायला टंकात खास आकृती लागते आणि ती योग्य जागी बसवायला हार्फबझसारखी लायब्ररी लागते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी, तीही भाषा ओळखून बदलावी लागतात. देवनागरीचा ‘लोहित’ हा मुक्त टंक रेड हॅटने 2004मध्ये खुला केला, त्याचे बरेच काम त्यांच्या पुण्याच्या कचेरीत झाले आणि आज डेबियनमध्ये तो पॅकेज म्हणून मिळतो. मराठीची शुद्धलेखन तपासणी आस्पेलच्या मराठी कोशाच्या पॅकेजात आहे. छापील पान वाचून मजकूर काढणाऱ्या टेसरॅक्टची मराठी विदा आहे. इन्स्क्रिप्ट आणि उच्चाराधारित कळफलक आहेत. डेबियन बसवताना पहिल्याच पडद्यावर भाषा निवडायची असते, तिथे ‘मराठी’ आहे.

हे सगळे कोणीतरी कधीतरी करून ठेवले आहे. आता कल्पना करा की यातल्या एका पॅकेजचा मेंटेनर टोरांटोत किंवा ब्रेमेनमध्ये आहे, सज्जन आहे, कष्टाळू आहे. वरून नवी आवृत्ती आली, त्याने बांधली, चाचण्या पास झाल्या, अपलोड केली. ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाले. त्याला दोन्ही सारखेच दिसतात, त्याला दोष काय द्यायचा? ते आपल्याला दिसते. आपण काय करतो? ‘लिनक्सवर मराठी धड दिसत नाही’ असे म्हणून विंडोजवर जातो. अभिजात भाषेचा दर्जा 3 ऑक्टोबर 2024 रोजी मिळाला तेव्हा माझ्या फोनवर दिवसभर पेढ्यांची छायाचित्रे येत होती. त्या उत्साहातल्या शंभरातल्या एकाने एका मराठी पॅकेजची चौकशी केली असती तर बरे झाले असते, असे मला तेव्हाही वाटले आणि अजून वाटते.

पुण्यात लिनक्स वापरकर्त्यांचा गट जुना आहे. ‘ग्नुनिफाय’ नावाचा मेळावा इथल्या एका महाविद्यालयात वर्षानुवर्षे भरत असे. डेबियनची जागतिक परिषद 2023च्या सप्टेंबरमध्ये कोचीला भरली, भारतात पहिल्यांदाच. केरळच्या शाळांत मुले मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतात, आपल्याकडे त्याची भाषणे होतात. हे टोचून बोलतो आहे, पण इंजिनिअर आपल्याकडे कमी आहेत असे कोणी म्हणणार नाही.

हरकती मला पाठ आहेत. ‘मला एवढे सी येत नाही.’ बहुतेक वेळा लागत नाही. पॅकेजमध्ये मूळ कोडशेजारी ‘डेबियन’ नावाची एक डिरेक्टरी असते आणि मेंटेनरचे निम्मे आयुष्य तिच्यातच जाते. ‘कंट्रोल’ फाइलमध्ये पॅकेजचे वर्णन आणि त्याला काय काय लागते ते. ‘रूल्स’मध्ये बांधायची कृती, आजकाल बहुधा चार-पाच ओळींची. ‘चेंजलॉग’मध्ये कधी काय केले. ‘कॉपीराइट’मध्ये कोणती फाइल कोणाची आणि कोणत्या परवान्याची. हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि डेबियनमध्ये सर्वांत गंभीरपणे घेतले जाणारे. ज्यांना सात-बाराचे उतारे वाचायची सवय आहे त्यांना ते आवडेल. ‘वॉच’ नावाची फाइल वर नवी आवृत्ती आली का ते पाहते. सगळे झाले की ‘लिंटियन’ नावाचे एक साधन तुमच्या पॅकेजवर अशी काही बोटे ठेवते की सासू परवडली. त्याच्या तक्रारी वाचत जा, सहा महिन्यांत तुम्ही तयार व्हाल.

‘वेळ नाही.’ छोट्या, शांत पॅकेजला महिन्यातून एखादी संध्याकाळ पुरते, कित्येक महिने तीही लागत नाही. फक्त हाक आली की ओ द्यायची. कंपायलर बदलला, कोणी बग कळवला, नवी आवृत्ती गोठवायचे, म्हणजे तीत भर थांबवायचे, दिवस आले, तेव्हा हजर असायचे. आणि नाहीच जमले तर तसे लिहून पॅकेज सोडायचे. त्यात कमीपणा काही नाही. माझ्या लेबलवाल्याच्या जुन्या मेंटेनरने तेच केले होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. कमीपणा आहे तो नाव लावून गप्प बसण्यात. तशी अडवून ठेवलेली पॅकेजे सोडवायचीही डेबियनमध्ये रीत आहे: हेतू जाहीर करायचा, 21 दिवस थांबायचे, हरकत आली नाही तर काम हाती घ्यायचे. आपल्याकडच्या कुळकायद्याच्या दाव्यांपेक्षा बरेच लवकर.

‘ज्या कंपन्या यावर कोट्यवधी कमावतात त्यांनी करावे.’ करावेच. एप्रिल 2014मध्ये ओपनएसएसएलमधले ‘हार्टब्लीड’ हे भगदाड सापडले तेव्हा घाबरून त्यांनी अशा पायाभूत प्रकल्पांसाठी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभा केला. पण तो पैसा मोठ्या, धोक्याच्या जागी जातो आणि जायला हवा. गावच्या वाचनालयाच्या पाकिटांसाठी किंवा अर्ध्या ‘ऱ’साठी कोणतीही कंपनी माणूस नेमणार नाही. तिथे ज्याला गरज आहे तोच येणार.

मिळते काय, असेही विचारतात, विशेषतः शेवटच्या वर्षाची मुले. पैसे मिळत नाहीत. दुसऱ्याने तुमच्या जन्माआधी लिहिलेला कोड वाचायची सवय लागते. ती कोणत्याही महाविद्यालयात शिकवत नाहीत आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून तीच लागते. पण केवळ सीव्हीत ओळ घालायला येणार असाल तर येऊ नका. ती ओळ घालून झाल्यावर तीन महिन्यांत निघून गेलेल्यांच्या नावाने अडलेली पॅकेजे सोडवण्यात इतरांचे श्रम जातात.

सुरुवात कशी करायची ते सांगतो आणि थांबतो. तुमच्या डेबियन किंवा उबुंटू यंत्रावर ‘हाऊ-कॅन-आय-हेल्प’ नावाचे पॅकेज बसवा. त्यानंतर प्रत्येक वेळी काही बसवले किंवा अद्ययावत केले की ते शेवटी सांगते, तुमच्याच यंत्रावरच्या कोणत्या पॅकेजला पालक नाही, कोणते पुढच्या आवृत्तीतून वगळले जायच्या बेतात आहे, कोणता बग नवशिक्याला जमण्याजोगा आहे. मला वाटते, या कामातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच: जगाची यादी दाखवत नाही, तुमच्या घरातली दाखवते. जे तुम्ही खरेच वापरता तेच निवडा. न वापरणाऱ्याचा जीव त्यात राहत नाही.

मग त्याचे जुने बग वाचा, सगळे. दोन-तीन तरी तपासून ‘हे अजून होते’ किंवा ‘आता होत नाही’ असे कळवा. एवढ्यानेही उपकार होतात. पॅकेज स्वतः बांधून पाहा. पॅकेजांचा कोड ‘साल्सा’ या डेबियनच्या स्वतःच्या ठिकाणी असतो, तिथे खाते काढा. तुम्हाला लगेच अपलोड करता येणार नाही, करूही नये. आधी एक अनुभवी डेव्हलपर तुमचे काम तपासून तुमच्या वतीने चढवतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. माझ्या पहिल्या प्रयत्नाला स्पॉन्सरने नऊ दुरुस्त्या सुचवल्या, त्यांत एक माझ्या इंग्रजीची होती. काही काळ असे चांगले काम केलेत की आपल्या पॅकेजापुरता अपलोडचा हक्क देणारा ‘डेबियन मेंटेनर’ हा दर्जा मिळू शकतो. त्यासाठी तुमची डिजिटल सहीची किल्ली एखाद्या डेव्हलपरने तुमची ओळख पटवून सही केलेली लागते. 2008 आणि 2024 नंतर यात घाई कोणी करणार नाही, तुम्हीही धरू नका.

आणि जिवंत असतानाच दत्तक घ्या. माझा लेबलवाला मी परत आणला खरा, पण एकदा भांडारातून गेलेल्या पॅकेजला नव्यासारखे पुन्हा रांगेत उभे राहावे लागते, परवाने पहिल्यापासून तपासले जातात. एका ओळीच्या दुरुस्तीला मला साडेपाच महिने लागले. त्या वर्षीचे पत्ते वाचनालयाच्या कारकून बाईंनी हाताने लिहिले, सव्वादोनशेच्या सव्वादोनशे, आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

डेबियनची चौदावी आवृत्ती ‘फोर्की’ या नावाने घडते आहे. ती गोठेल तेव्हा जे आत असेल ते आत, बाकीचे बाहेर. आज रात्री यादी पाहा. तीत तुमच्या ओळखीचे एक नाव निघाले, तर त्याच्या नोंदीच्या सुरुवातीचा ‘ओ’ काढून तिथे ‘आयटीए’ करायला सांगणारी ईमेल पाठवा. दत्तक घेण्याचा इरादा आहे, असा त्याचा अर्थ होतो.